चौथी वही

कामतघर, भिवंडी
१४ डिसेंबर २०२५

ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "विमा काढलाय ना, मग रडतेस कशाला?" पोरगा शेजारीच बसला होता, म्हणून गप्प राहिले. आता तो झोपलाय.

दिवाळीनंतर त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, मग धाप. आम्हाला वाटलं, फराळ बाधला. ठाण्याला नेलं तर साखर ५०० च्या वर. टाइप १ मधुमेह. चार दिवस आयसीयूत. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, '१५ दिवसांपासून तहान, सारखी लघवी'. तेवढ्या एका ओळीवर विमा कंपनीने क्वेरी काढली: आजार आधीपासूनचा दिसतो, जुने कागद द्या. आपली पॉलिसी १४ महिन्यांची, आणि आधीच्या आजाराला ३६ महिने थांबायला लावतात. अगं, जो आजार आम्हालाच आठवड्यापूर्वी ठाऊक नव्हता, त्याचे जुने कागद कुठून आणू?

सुट्टीचा कागद सकाळी १० ला तयार होता, मंजुरी आली रात्री ९ ला. विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक सांगतं, ३ तासांत द्या. टीपीएच्या (विम्याच्या मध्यस्थाच्या) खिडकीवर मी ते मोबाइलवर दाखवलं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त पुढे पाठवतो." तिला तरी काय बोलणार.

पैसे मिळाले, ताई. हातमोजे, सिरिंज वगळून मिळाले. तेव्हा रडतेय ती त्यासाठी नाही.

त्याच्या शरीरात आता इन्सुलिन तयारच होत नाही. रोज चार सुया, चार वेळा बोट टोचून साखर बघायची, पट्टी संपली की नवी डबी. हे जन्मभर. (सासूबाईंच्या मते अजूनही सगळा दोष लाडवांचा.) आणि पॉलिसी पैसे देते ती दाखल झाल्यावर. महात्मा फुले योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डालाही ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण तीही मुळात दाखल होणाऱ्यांसाठीच. म्हणजे सुया चुकल्या आणि पोरगा पुन्हा आयसीयूत गेला, तर लाखाचं बिल भरायला सगळे तयार. तो तिथे जाऊ नये म्हणून जे रोज लागतं, त्याला दमडी नाही.

रोजची औषधंसुद्धा देणारा एक विमा आहे, ईएसआयचा. १९४८ च्या कायद्याने आलेला. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या बायकापोरांनाही दवाखाना, औषधं, सगळं. ह्यांच्या १८ हजारांच्या पगारातून महिन्याला १३५ रुपये कापले गेले असते, कारखान्याच्या शेठने ५८५ घातले असते. पण कारखान्यात १० माणसं असली तर तो लागू होतो. शेठचे २४ लूम एकाच छपराखाली खडखडतात, दोन पाळ्यांचे कारागीर, कांडीवाला, मुकादम, हे धरून माणसं दहाच्या किती तरी वर. कागदावर मात्र तीन कारखाने, आठ-आठ लूमचे: एक शेठचा, एक शेठाणीचा, एक भावाचा. भिवंडीत असे कितीतरी आहेत, कुणाला त्याचं नवलही वाटत नाही.

आणि ताई, त्या तीन कारखान्यांच्या तीन हजेरीवह्या लिहितं कोण? मेहता, हिशेब ठेवणारा. म्हणजे हेच. गेली नऊ वर्षं, त्या सुंदर अक्षरात, ज्याचं तू लग्नाच्या वेळी कौतुक केलं होतंस. मी एकदाच विचारलं, "शेठशी बोलाल का?" ते म्हणाले, "बोलून मला काढलं तर?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून भाजी ढवळत बसले.

काल रात्री हे जमिनीवर बसून पोराची साखरेची वही आखत होते. न्याहारीआधी, जेवणाआधी, झोपताना, असे रकाने. तीन वह्या पिशवीत, चौथी मांडीवर. पोरगा आकडे सांगत होता, हे लिहीत होते. एकदा २८६ आला तर पोरगा म्हणाला, "बाबा, १८६ लिहा ना, आई ओरडेल." ह्यांचा हात थांबला. बराच वेळ थांबला. मग २८६ लिहिलं.

संक्रांतीला तिळगूळ पाठवू का, असं विचारलं होतंस. पाठव. साखर एकदम उतरली तर गोड द्यावंच लागतं, दप्तरात ठेवीन. पण छोट्या वड्या कर, मोजायला बऱ्या पडतात.

तुझी,
धाकटी