प्रतिस्पर्ध्यांचा दरवाजा

माणसं नेणाऱ्या अंतराळयानांची तुलना निघाली की कोण आधी गेलं, कुणाचं यान मोठं, कुणाचं स्वस्त, यावरच बोलणं होतं. माझा अभ्यासाचा विषय डॉकिंग, म्हणजे कक्षेत एक यान दुसऱ्याला जोडण्याची यंत्रणा. त्यामुळे नवं यान आलं की मी आधी त्याच्या नाकाशी असलेलं जोडणीचं कडं पाहतो. ते यान बांधणाऱ्यांना कुणाशी गाठ घालायची आहे आणि कुणाशी नाही, हे त्या कड्यावरून कळतं. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या चढाओढीचा इतिहास मला तिथेच सर्वांत स्पष्ट वाचता येतो.

पहिल्या दशकात दोघांची यानं इतकी वेगळी निघाली याचं कारण रॉकेटं. सोव्हिएत आर-७ मुळात जड अण्वस्त्र दूरवर फेकण्यासाठी बांधलेलं, त्यामुळे त्याची ताकद दांडगी. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन ज्या व्होस्तोकमधून गेले, त्याचं वजन पावणेपाच टनांच्या आसपास होतं. अमेरिकेच्या मर्क्युरीला दीड टनाच्या आत बसावं लागलं. वजनाची चैन परवडत असल्यामुळे रशियनांनी यानात जमिनीवरची नेहमीची हवा नेहमीच्याच दाबाने भरली. अमेरिकनांनी नायट्रोजनला फाटा दिला आणि वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश दाबाचा शुद्ध ऑक्सिजन वापरला. श्वासाला तो पुरतो, दाब कमी म्हणून भिंती हलक्या ठेवता येतात आणि एकच वायू सांभाळायचा म्हणून उपकरणंही कमी लागतात.

उतरण्याचंही तसंच. अमेरिकेजवळ दोन महासागर आणि बलाढ्य नौदल होतं, तिने पाणी निवडलं. सोव्हिएत संघाजवळ कझाकस्तानचं अफाट माळरान होतं, त्याने जमीन निवडली. जमिनीचा धक्का मोठा, म्हणून गागारिन सुमारे सात किलोमीटर उंचीवर यानाबाहेर फेकले गेले आणि स्वतःच्या पॅराशूटने उतरले. विक्रमाच्या नियमानुसार वैमानिकाने यानातच उतरायला हवं होतं, त्यामुळे ही गोष्ट बरीच वर्षं दडवली गेली. रशियाचं सोयुझ यान आजही जमीन एक मीटरच्या आत आली की तळाची छोटी रॉकेटं पेटवतं.

या चढाओढीतलं सर्वांत लाजिरवाणं यान मला व्होस्खोद-१ वाटतं. अमेरिकेचं दोन माणसांचं जेमिनी येऊ घातलं होतं. त्याला मागे टाकायचं म्हणून ऑक्टोबर १९६४ मध्ये एका माणसाच्या व्होस्तोकच्या सांगाड्यात तिघांना बसवलं. जागा नाही म्हणून अंतराळपोशाख काढून टाकले, बाहेर फेकणारी आसनंही गेली. उड्डाणाच्या सुरुवातीला काही बिघडलं असतं, तर त्या तिघांना सुटकेचा मार्गच नव्हता. ते सुखरूप परतले, आणि अशी सुटका निष्काळजीपणाला बळ देते. पोशाखाविना तिघं ही पद्धत सोयुझमध्येही आली. ३० जून १९७१ रोजी सोयुझ-११ परतत असताना यानाचे भाग विलग झाले आणि त्या हिसक्याने हवेची एक झडप उघडली. डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह यांच्या अंगावर पोशाख असते तर ते वाचले असते. त्याआधी जानेवारी १९६७ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत अमेरिकेचं अपोलो-१ पेटलं आणि ग्रिसम, व्हाइट, चाफी गेले. आतला शुद्ध ऑक्सिजन त्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाने भरलेला होता, आणि दार आतल्या बाजूला उघडणारं असल्याने त्या दाबाविरुद्ध ते उघडणं अशक्य झालं. तीनच महिन्यांनी सोयुझ-१ चं पॅराशूट नीट उघडलं नाही आणि कोमारोव्ह गेले. दोन्हीकडे घाई तीच होती.

मे १९७२ मध्ये अमेरिकेचे निक्सन आणि सोव्हिएत संघाचे कोसिगिन यांनी अपोलो आणि सोयुझ कक्षेत जोडण्याच्या करारावर सह्या केल्या, त्या या पार्श्वभूमीवर. संकटात सापडलेल्या यानाला दुसऱ्या देशाच्या यानाने सोडवता यावं हा त्यामागचा तांत्रिक हेतू होता. आणि इथे आमच्या विषयातली खरी अडचण समोर आली.

तोवर दोन्ही देश दांडा आणि नरसाळं या पद्धतीने यानं जोडत होते. एका यानाच्या नाकावर दांडा, दुसऱ्याच्या नाकावर नरसाळ्यासारखा खोलगट भाग. दांडा आत घुसतो, टोकाशी अडकतो, मग दोन्ही यानं ओढून घट्ट केली जातात. रचना हलकी आणि भरवशाची, पण दोन दांडेवाली यानं एकमेकांना कधीच जोडता येत नाहीत, दोन नरसाळीवालीही नाहीत. म्हणजे वाचवणारं कोण आणि वाचणारं कोण हे जमिनीवरच ठरलेलं असतं. यातली निष्क्रिय बाजू कोणत्या महासत्तेने घ्यायची हा राजकीय प्रश्न वेगळाच.

सोव्हिएत बाजूचे अभियंते व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी दोन्ही बाजूंना सारखंच असेल असं कडं तयार केलं. कड्यावर तीन मार्गदर्शक पाकळ्या. दोन कडी समोरासमोर आली की एकाच्या पाकळ्या दुसऱ्याच्या पाकळ्यांमधल्या जागेत बसतात. ज्याला पुढाकार घ्यायचा त्याने आपलं कडं पुढे काढायचं, दुसऱ्याने मागे ओढून ठेवायचं, आणि हव्या त्या वेळी भूमिका बदलायच्या. मला यातला आणखी एक तपशील फार आवडतो. धक्का शोषण्यासाठी अमेरिकनांनी हायड्रॉलिक दट्टे वापरले, सोव्हिएत अभियंत्यांनी विद्युत-यांत्रिक रचना. जिथे दोन कडी एकमेकांना भिडतात तेवढंच माप सारखं ठेवलं, बाकी आपापल्या कारखान्याला जे येतं ते. परक्यांशी मिळून काम करण्याची इतकी शहाणी रीत मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

कडी जुळली तरी हवा जुळत नव्हती. सोयुझमध्ये पूर्ण वातावरणाचा दाब, अपोलोत एक तृतीयांश. नेहमीच्या हवेतून माणूस एकदम इतक्या कमी दाबात गेला, तर रक्तातला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. खोलवर गेलेला पाणबुड्या घाईने वर आला की हेच होतं. म्हणून मध्ये सुमारे तीन मीटर लांबीची एक स्वतंत्र खोली घातली, जिथे थांबून दाब बदलता येईल. शिवाय सोयुझने आपला दाब दोन तृतीयांशावर आणला, म्हणजे तासन्‌तास ऑक्सिजन श्वासावाटे घेत बसायची गरज उरली नाही. १९६१ मध्ये रॉकेटांच्या ताकदीमुळे पडलेला फरक चौदा वर्षांनी असा भरून काढावा लागला.

१७ जुलै १९७५ रोजी यानं जोडली गेली. अपोलोचे स्टॅफर्ड आणि सोयुझचे लिओनोव्ह यांनी दारात हस्तांदोलन केलं. अमेरिकन रशियन भाषेत बोलत होते आणि रशियन इंग्रजीत, कारण परक्या माणसाने सावकाश बोललेली आपली भाषा समजायला सोपी जाते. पहिल्या जोडणीत पुढाकार अपोलोच्या कड्याचा होता. दोन दिवसांनी यानं सुटी करून पुन्हा जोडली, तेव्हा तो सोयुझच्या कड्याचा होता. दोन्ही बाजू खरोखरच सारख्या आहेत हे त्या दुसऱ्या जोडणीने सिद्ध केलं. छायाचित्रं मात्र सगळीकडे हस्तांदोलनाची छापली गेली.

पुढे राजकारण पुन्हा गोठलं. सोव्हिएत संघाने अमेरिकी शटलला उत्तर म्हणून बुरान बांधलं आणि त्याच्यासाठी कड्याची सुधारित आवृत्ती केली. मीर स्थानकाच्या क्रिस्ताल भागावर बुरानसाठी दार ठेवलं. बुरान नोव्हेंबर १९८८ मध्ये माणसांशिवाय एकदाच उडालं आणि नंतर देशच विस्कटला. जून १९९५ मध्ये त्याच दाराशी येऊन टेकलं ते अमेरिकेचं अटलांटिस शटल, आणि त्याला बसवलेलं कडं रशियात तयार झालेलं होतं. रशियाची सोयुझ यानं स्वतः एक अपवाद वगळता आजही दांडा-नरसाळ्यावरच चालतात. कडं मात्र जगभर गेलं.

चीनकडेही गेलं. ऑक्टोबर २००३ मध्ये यांग लिवेई यांना नेणारं शेनझोऊ तीन भागांच्या रचनेत सरळसरळ सोयुझच्या वळणाचं आहे, आकाराने मात्र मोठं. त्याला नक्कल म्हणून हिणवणं मला पटत नाही. चिनी अभियंत्यांनी सोयुझचा आराखडा उचलला, पण डॉकिंगसाठी दांडा न घेता पाकळ्यांच्या कड्याच्या घराण्यातली रचना निवडली. ज्यांना पुढे स्थानक बांधायचं असतं तेच अशी निवड करतात. २०११ पासून अमेरिकी कायद्याने नासाला चीनशी थेट सहकार्य जवळपास बंद केलं आहे. त्यामुळे अमेरिकी आणि चिनी ही एकाच घराण्यातली दोन कडी आजवर कधी एकमेकांना जोडून पाहिलेली नाहीत.

अलीकडच्या घटना पाहता एकमेकांची यानं जोडता येणं ही चैनीची बाब राहिलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी जोडलेल्या सोयुझमधून शीतक गळून गेलं, बदली यान येईपर्यंत दोन महिने गेले. जून २०२४ मध्ये स्टारलायनरने गेलेले विल्मोर आणि सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनने परतले, कारण स्टारलायनरच्या थ्रस्टरांवर भरवसा उरला नव्हता. तिथे आणखी एक उणीव उघडी पडली. दोन्ही यानं अमेरिकी, दोन्ही एकाच स्थानकाला जोडलेली, पण एकाचा पोशाख दुसऱ्यात लागत नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये शेनझोऊ-२० च्या खिडकीला तडे आढळले, म्हणून त्यातले तिघं शेनझोऊ-२१ ने परतले. चिनी स्थानकावर मागे राहिलेल्यांकडे रिकामं शेनझोऊ-२२ येईपर्यंत परतीचं सुस्थितीतलं यान नव्हतं. चीनने पुढचं रॉकेट तयार ठेवलेलं असतं म्हणून ते काही दिवसांत निभावलं. अंतराळवीरांना साहाय्य करण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९६८ चा आहे, पण कक्षेत कराराला उपयोग तेव्हाच, जेव्हा दारं जुळतात.

भारत या गोष्टीत आता आत आला आहे. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझने गेले, शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ड्रॅगनने. १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतल्या प्रत्येकी सुमारे २२० किलोच्या दोन उपग्रहांनी एकमेकांना जोडून घेतलं, आणि हे करणारा भारत चौथा देश ठरला. इस्रोचं कडंही दोन्ही बाजूंना सारखं आहे, ही मला त्या मोहिमेतली सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते. त्याचा व्यास ४५० मिलिमीटर, माणसांच्या यानांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातली वाट ८०० मिलिमीटरची. हे अंतर इस्रोचे अभियंते पार करतील याबद्दल मला शंका नाही.

निर्णय मात्र केवळ अभियंत्यांचा नाही. २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक उभं करायचं ठरलं आहे. त्याचं निदान एक दार अमेरिकी, रशियन, युरोपीय आणि चिनी अशा कुठल्याही अडलेल्या यानाला टेकता येईल असं असावं, आणि पोशाखाच्या नळ्यांची जोडणीही त्याच हिशोबाने ठरवावी. अमेरिका आणि चीन एकमेकांशी हे बोलू शकत नाहीत. आपण दोघांशीही बोलू शकतो, म्हणून हा प्रस्ताव भारताने मांडावा, आणि स्थानकाचे आराखडे कायम होण्याआधी मांडावा.