वाऱ्यापुढें धरलेली कांच

मनुष्यास वारा हवाहि असतो आणि नकोहि असतो. उन्हाळ्यांत तो आपण पंखा लावून निर्माण करतों आणि हिवाळ्यांत दारें-खिडक्या लोटून त्यास घराबाहेर ठेवितों. फटफटीवर बसणाऱ्यास मात्र ही निवड उरत नाहीं. हवा अगदीं स्तब्ध असली, तरी तो ज्या वेगानें जाईल त्याच वेगाचा वारा त्याच्या अंगावर येऊन आदळणारच. या वाऱ्याचा बंदोबस्त करण्याकरितां मोटार-सायकलीच्या हँडलापुढें जी पारदर्शक ढाल बसवितात, जिला बाजारांत ‘विंडशील्ड’ म्हणतात आणि आमच्या घरांत नुसती ‘कांच’ म्हणतात, तिच्यामुळें प्रवास खरोखरच सुखाचा होतो काय, या प्रश्नासंबंधीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरांतून रोज सकाळीं दोन-तीन दुचाक्या बाहेर पडतात आणि त्या परत येईपर्यंत माजघरांतील मंडळींचे कान दाराकडे लागलेले असतात, त्या घरांत तो किरकोळ राहत नाहीं.

आमच्याकडे हा प्रश्न निघाला तो पुतण्याच्या नोकरीमुळें. त्यास साताऱ्याजवळ एका कारखान्यांत काम मिळालें. शनिवारीं रात्रीं पुण्यास घरीं यावें आणि सोमवारीं पहाटे परत निघावें, असा त्याचा क्रम सुरू झाला. एका बाजूचें अंतर सुमारें ११० किलोमीटर. वाटेंत कात्रज आणि खंबाटकी. मार्गशीर्ष-पौषांत तो अंधारांतच निघे, तेव्हां वहिनींचा जीव थाऱ्यावर नसे. त्यांनीं निकाल देऊन टाकला, “छातीला वारा लागतां कामा नये. चांगली उंच कांच बसवून घे.” पुतण्याचें म्हणणें उलट. “आई, उंच कांच लावली कीं डोकें गदगदा हलतें. माझ्या दोघां मित्रांनीं लावून काढून टाकली.” थोरले बंधु शेजारीं बसले होते, पण या वादांत ते पडले नाहींत, कारण तो त्यांस नीट ऐकूंच आला नव्हता. त्यांच्या या न ऐकण्याचा आमच्या विषयाशीं संबंध आहे, तो पुढें येईल.

आम्हांस असें दिसून आलें कीं, मायलेक दोघेंहि खरें बोलत होतीं. प्रथम वहिनींची बाजू पाहूं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. ताठ बसलेल्या मनुष्याच्या अंगावर ताशीं ४० किलोमीटर वेगास जो जोर साधारण तीन-साडेतीन किलो वजनाइतका असतो, तोच ८० च्या वेगास तेरा-चौदा किलोंवर जातो. एवढें वजन दोन तास छातीनें रेटीत बसावयाचें, म्हणजे हातांनीं हँडलास लोंबकळत राहणें होय. मग खांदे भरून येतात, मान आंखडते, आणि मुक्कामीं उतरणारा मनुष्य ओझें वाहून आल्यासारखा दिसतो. शहरांत ३०-४० च्या वेगानें फिरणाऱ्यास यांतील फारसें कांहीं जाणवत नाहीं. म्हणून पेठेंतल्या पेठेंत जाणाऱ्यानें कांचेसाठीं पैसे खर्चण्याचें कारण नाहीं.

थंडीचा हिशोबहि असाच आहे. कॅनडा व अमेरिका येथील हवामान खात्यांनीं २००१ सालीं वाऱ्यामुळें भासणाऱ्या थंडीचें एक सूत्र स्वीकारलें. त्याप्रमाणें हवा १० अंश असतां ताशीं ६० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या कातडीस लागला, तर थंडी सुमारें ५ अंशांसारखी भासते. आमच्या वडील पिढींतील लोक पहाटे स्कूटरवर निघतांना सदऱ्याच्या आंत वर्तमानपत्राची घडी घालीत आणि वर माकडटोपी चढवीत. त्या घडीचें आणि कांचेचें शास्त्र एकच: कातडीजवळची ऊबदार हवा वाऱ्यास पळवूं द्यावयाची नाहीं.

आतां पुतण्याची बाजू. आपण समजतों कीं कांच वारा थांबविते. वस्तुतः वारा थांबत नाहीं. तो वाट बदलतो. कांचेवर आदळलेली हवा वर चढते, तिच्या कांठावरून उडी घेते, आणि कांचेमागें जो विरळ दाबाचा पोकळ भाग उत्पन्न होतो त्यांत भोंवरे खात शिरते. उंच भिंतीच्या आडोशास पाचोळा कसा गोल गोल फिरत राहतो, हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. तोच प्रकार येथें घडतो. आतां ही कांठावरून सुटलेली, खवळलेली हवा नेमकी कोठें येते, यावर सर्व सुखदुःख अवलंबून आहे. ती डोक्यावरून गेली तर स्वस्थता; खांद्यांवर आली तरी चालतें; पण हेल्मेटवर येऊन थडकली, तर डोकें हलतें, दृष्टि थरथरते आणि कानांत ढोल वाजूं लागतात. मोकळ्या छातीवर येणारा वारा जोराचा असला तरी एकसारखा असतो. कांचेवरून येणारा हा वारा जोरानें कमी, परंतु स्वभावानें फार वाईट असतो.

यासाठीं परदेशांत मोठे खटाटोप झालेले आहेत. इटलींतील मोटो गुझी कंपनीनें १९५० सालीं आपल्या कारखान्यांतच वाऱ्याचा बोगदा बांधला. तेथें ओढा होती ती शर्यतींतील वेगाची. प्रवाशाच्या सुखासाठीं अमेरिकेंत क्रेग व्हेटर यांचें ‘विंडजॅमर’ हें मोठें कवच १९७१ सालीं निघालें आणि तें कोणत्याहि मोठ्या मोटार-सायकलीस जोडतां येत असल्यामुळें लोकप्रिय झालें. पुढें १९७६ सालीं बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें ‘आर १०० आर एस’ ही गाडी आणली. तिचें कवच पिनिनफरिना यांच्या वाऱ्याच्या बोगद्यांत तपासून घडविलें होतें. आपल्याकडे रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’ २०१६ सालीं निघाली, ती कारखान्यांतूनच लहानशी कांच घेऊन. जेथें एवढें मोजमाप लागतें, तेथें दुकानांत टांगलेल्या दहा कांचांपैकीं उंच दिसेल ती उचलून भागत नाहीं, हें उघड आहे.

हा वाद नुसत्या युक्तिवादानें मिटणारा नव्हता; म्हणून तीन रविवार सकाळीं आम्हीं एकाच रस्त्यावर, एकच हेल्मेट घालून, तीन प्रकार करून पाहिले: एकदां कांचेवांचून, एकदां आंखूड कांच लावून आणि एकदां उंच कांच लावून. आम्ही उंचीनें साडेपांच फूट. पुतण्या सहा फुटांस दोन बोटें कमी. उंच कांचेमागें आम्ही देवघरांत बसल्यासारखे निवांत होतों. त्याच कांचेमागें पुतण्याचें डोकें मात्र टाळ कुटल्याप्रमाणें हलत होतें, कारण तिचा कांठ त्याच्या हनुवटीच्या रेषेंत येत होता. आंखूड कांचेनें त्याच्या छातीवरचा भार उतरला आणि हेल्मेटास सरळ, एकसारखा वारा मिळाला. तो त्यास पुष्कळ सोसवला. एकच कांच काकास सुख देते आणि पुतण्यास शिक्षा करते, हें पाहिल्यावर ‘कांच चांगली कीं वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे, अशी आमची खात्री झाली. कोणाची कांच, कोणाच्या उंचीस, कोणत्या वेगास, असें विचारलें पाहिजे. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. कांचेच्या खालच्या कांठाशीं चार बोटें फट ठेवली, तर तेथून आंत शिरणारी हवा ती पोकळी भरून काढते आणि भोंवरे मंदावतात. वारा अडविण्याचा उत्तम उपाय म्हणजे थोडा वारा आंत येऊं देणें, हें वहिनींस पटविण्यास मात्र वेळ लागला.

आतां थोरल्या बंधूंकडे वळतों. त्यांनीं पंचवीस वर्षें औषधांच्या विक्रीचें काम केलें आणि पश्चिम महाराष्ट्रांतील तालुक्यांचे गांव मोटार-सायकलीवरून पालथे घातले. हेल्मेट त्यांनीं कधीं चुकविलें नाहीं. तथापि आज नातीनें हळू आवाजांत कांहीं विचारलें, तर ते नुसतें हंसून मान हालवितात. आणि ती पोर आतां त्यांस विचारावयाचेंच टाळूं लागली आहे. डॉक्टरांनीं कारणें एकाहून अधिक सांगितलीं. वय हें एक, आणि वर्षानुवर्षांचा वाऱ्याचा आवाज हें दुसरें. ताशीं ६० ते ८० किलोमीटर वेगास हेल्मेटाच्या आंत हा आवाज ९० डेसिबलच्या घरांत जातो. तेथें इंजिनाचा आवाजहि त्याखालीं बुडतो. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या अमेरिकेंतील राष्ट्रीय संस्थेनें घातलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलना ती निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. पुण्याहून साताऱ्यास जाण्यास तितकाच वेळ लागतो. इंग्लंडांत बाथ येथील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें कीं, या आवाजाचा मोठा वाटा हेल्मेटाच्या खालून, हनुवटीजवळून येतो. उंचीस न जुळणाऱ्या कांचेचा खवळलेला वारा नेमका तेथेंच शिरतो. म्हणून छाती राखण्यासाठीं घेतलेली कांच कान घालवूं शकते, हें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. छातीची थंडी लोंकरीच्या बंडीनें जाते; गेलेले कान मात्र परत येत नाहींत.

आमच्या आजी प्रवासास निघतांना कानांत कापसाचे बोळे घालीत. त्यांचा रोख बरोबर होता. परंतु कोरडा कापूस आवाज फारच थोडा अडवितो. त्याऐवजीं औषधांच्या दुकानांत मिळणारे फोमचे बोळे नीट बसविले, तर ते आवाज वीस डेसिबल किंवा त्याहूनहि अधिक उतरवितात. लांबच्या रस्त्यावर ते घालावेत आणि शहरांत शिरतांना काढावेत. हें काम कोणतीहि कांच करूं शकत नाहीं.

कांचेचे इतर गुणदोषहि थोडक्यांत सांगतों. हिचें नांव कांच असलें तरी ती बहुधा प्लॅस्टिकची असते. पॉलिकार्बोनेट चिवट असतें, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. धुळीनें माखलेली कांच कोरड्या फडक्यानें कधींहि पुसूं नये. अशा ओरखड्यांतून रात्रीं समोरचे दिवे पाहिले म्हणजे डोळ्यांपुढें नुसती चांदणी पसरते. यासाठीं कांच इतकीच उंच असावी कीं रस्ता तिच्यावरून दिसावा, तिच्यांतून नव्हे. हँडलास जोडलेली रुंद कांच आडव्या वाऱ्यांत शिडासारखी वागते. मोठ्या पुलावर हें फार जाणवतें. वैशाखांत सोलापूर-नागपूरकडे हवा कातडीहून तापलेली असते, तेव्हां झळ अडविणारी कांच उपकारक होते. कोंकणांतील दमट उकाड्यांत मात्र घाम वाळविणारा वाराच ती हिरावून घेते. शिवाय कांचेमागें वेग कळत नाहीं. ८० हे ६० सारखे वाटूं लागतात. आलेला थकवा टळावा आणि लक्ष रस्त्यावर राहावें, एवढ्यासाठींच हें सुख घ्यावें. अधिक धांवण्यासाठीं घेऊं नये.

पुतण्याच्या गाडीस शेवटीं आंखूड कांच बसली, खालीं फट ठेवली गेली, आणि त्याच्या खिशांत फोमच्या बोळ्यांची डबी आली. वहिनींनीं जाड लोंकरीची बंडी विणून दिली व ती तो घालतो कीं नाहीं यावर नजर ठेविली. थोरल्या बंधूंस आम्हीं हा निकाल मोठ्यानें सांगितला. त्यांनीं डबी हातांत घेऊन उघडून पाहिली आणि म्हणाले, “आमच्या वेळीं कोणी सांगितलें नाहीं.”

एक गोष्ट उरली, आणि ती बहुतेक पुरुष विसरतात. चालकानें आपली उंची मोजून कांच घेतली, तरी मागच्या बैठकीचें काय? तेथें बसणारें माणूस पुष्कळदां चालकाहून उंचावर असतें, आणि कांचेवरून व चालकाच्या डोक्यावरून निसटलेला सगळा वारा त्याच्या वांट्यास येतो. सौभाग्यवतींस आम्हीं उंच कांचेमागून सासवडपर्यंत नेऊन आणलें, तेव्हां आम्ही निवांत होतों म्हणून त्याहि असतील, असें धरून न चालतां त्यांस विचारलें. त्या म्हणाल्या, “तुमच्या पाठीआड छातीला वारा लागत नाहीं खरा, पण कोणी दोहों हातांनीं डोकें धरून हालवीत आहे असें वाटतें. मी बोललें नसतें. तुम्हीं विचारलेंत म्हणून सांगितलें.” ज्या घरांत फटफटीवर दोघें बसतात, त्या घरांत कांच पसंत करावयाची ती मागें बसणारीस विचारूनच करावी.