किती इंच पडेल?



आपल्या ग्वाल्हेरची थंडी हाडे गोठवते, पण बर्फ काही पाडत नाही. पौषात धुके उतरते, किल्ला दिसेनासा होतो, आणि फार तर मावठ्याबरोबर चार गारा पडतात. त्यामुळे बर्फ पडणार की नाही, आणि पडला तर किती इंच, या एका प्रश्नासाठी चांगली शहाणीसुरती माणसे आठवडा-आठवडा जागरण करतात, हे मला माझ्या भाच्यामुळेच कळले. हा भाचा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. आता न्यू जर्सीत असतो. नोकरी संगणकाची आणि वेड हवामानाचे.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. बी. एस्‌सी.ला आम्ही ‘पूर्वानुमान’ शिकलो. हा शब्द कसा इस्त्री केलेला वाटतो! घरात मात्र आई म्हणायची, “अंदाजाने मीठ घाल.” भाच्याचे ऐकताना मला नेहमी हा दुसरा शब्दच बरा वाटतो, कारण मीठ कमी-जास्त होऊ शकते हे त्यात आधीच कबूल केलेले आहे.

त्याच्याकडे बर्फ कसा येतो ते आधी सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत समुद्रात गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह वाहतो आणि उत्तरेला कॅनडाकडून कोरडी, अतिशय थंड हवा उतरते. हिवाळ्यात या दोघींची गाठ पडली की किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि ते किनाऱ्याकिनाऱ्याने ईशान्येकडे सरकते. किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो म्हणून या वादळाला ‘नॉरईस्टर’ म्हणतात. वादळ किनाऱ्याला लगटून गेले तर फूट-दोन फूट बर्फ. तेच थोडे समुद्राकडे सरकले तर शहरात नुसता भुरभुराट. शिवाय एक इंच पावसाच्या पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो. म्हणजे पाण्याच्या हिशेबातली लहानशी चूक जमिनीवर दहापट होऊन दिसते.

हा हिशेब संगणक करतो. जगभरातून दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, यंत्रे बांधलेले फुगे आकाशात सोडतात. आपल्या घड्याळाने पहाटेचे आणि सायंकाळचे साडेपाच. आपल्या हवामान खात्याची जी केंद्रे असे फुगे सोडतात त्यांत ग्वाल्हेरही आहे. मुलांना मी हे आवर्जून सांगते. इथल्या फुग्याने मोजलेला दाब, तापमान आणि आर्द्रता जगभरच्या केंद्रांना जाते आणि न्यू जर्सीच्या बर्फाच्या गणितातही मिसळते. उपग्रह, विमाने, जहाजे यांची निरीक्षणे त्यात असतातच. मग महासंगणक पुढच्या दिवसांचे आकाश मांडतात. अमेरिकेचे गणित दिवसातून चार वेळा सुटते. ज्याचे मुख्यालय इंग्लंडमधील रेडिंगला आहे त्या युरोपियन केंद्राच्या गणिताचा रात्रीचा निकाल भाच्याकडे एकच्या सुमारास येतो. तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा, म्हणजे आमची मधली सुट्टी! हिवाळ्यात त्या वेळी माझा फोन वाजला की शिपाईसुद्धा म्हणतो, “बाईसाहेब, बर्फवाले.”

२६ जानेवारी २०१५ ला असाच फोन आला. झेंडावंदन आटोपून मुलांना लाडू वाटून झाले होते. दिल्लीच्या संचलनाला त्या वर्षी ओबामा पाहुणे होते आणि तिथे पावसाची भुरभुर चालू होती. “आत्या, युरोपियन अजून ठाम आहे!” भाचा आनंदाने ओरडत होता. न्यूयॉर्कसाठी सरकारी अंदाज वीस ते तीस इंचांचा होता. इतिहासातले सर्वांत मोठे हिमवादळ ठरू शकेल, असे महापौरांनी आदल्या दिवशी बजावले होते. नुकतेच सुधारलेले अमेरिकन गणित मात्र वादळाला जरा पूर्वेकडे नेत होते आणि शहराला कमी बर्फ देत होते. भाच्याने ते उडवून लावले. त्याला कारणही होते. २०१२ च्या सँडी वादळाच्या वेळी किनाऱ्याकडचे वळण युरोपियन गणिताने कितीतरी दिवस आधी दाखवले होते.

पण मला वाटते, खरे कारण वेगळे होते. त्याला बर्फ हवा होता. या छांदिष्टांनी त्याला एक शब्दही काढला आहे, ‘विशकास्टिंग’. म्हणजे मनातल्या इच्छेलाच अंदाजाचे कपडे घालणे.

भाचेसून परिचारिका आहे. रात्री रस्ते बंद होणार म्हणून त्या दुपारी ती दोन दिवसांचे कपडे आणि पोळीभाजीचा डबा घेऊन रुग्णालयात गेली. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रात्री अकराला थांबवली गेली. १९०४ पासून चालणारी ती रेल्वे केवळ बर्फासाठी बंद होण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी शाळाही बंद. शाळा बंद म्हणजे तिथेही बऱ्याच मुलांचे दुपारचे जेवण बंद आणि रोजंदारीवरच्या आईबापांचा दिवस बुडालेला, हे भाचेसुनेने मला सांगितले. भाच्याच्या नकाशांवर हे कुठल्याच रंगात दिसत नव्हते.

सकाळी सेंट्रल पार्कमध्ये मोजणी झाली तेव्हा बर्फ होता ९.८ इंच. भाच्याच्या दारात वीतभरही नाही. वादळ खोटे मात्र नव्हते. लाँग आयलंडवर आयस्लिपला २४.९ इंच, बॉस्टनला २४.६ आणि वुर्स्टरला तर ३४.५ इंच बर्फ पडला. चुकली होती ती फक्त कड. वादळ थोडे पूर्वेकडून गेले आणि त्या थोड्यात सगळे न्यूयॉर्क आले.

“आमचं वादळ हुकलं, आत्या.” भाच्याचा आवाज नापास झालेल्या मुलासारखा. मागून थकलेला दुसरा आवाज आला, “तुझं हुकलं, माझं वाचलं. रात्रभर खुर्चीत बसले तेवढं पुरे.”

न्यू जर्सीतील माउंट हॉली येथे सरकारी हवामान कार्यालय आहे. तिथले प्रमुख गॅरी सॅटकोव्स्की यांनी त्याच रात्री ट्विटरवर लोकांची जाहीर क्षमा मागितली. आमच्यावर विसंबून तुम्ही कठीण निर्णय घेतलेत आणि आमचा अंदाज चुकला, असा त्याचा आशय होता. सरकारी खात्यात असा माणूस सापडणे ही मोठीच गोष्ट. तरी माझे मत विचाराल तर वाऱ्याने वाट बदलली यासाठी क्षमा मागण्याची गरज नव्हती. सोमवारी दुपारी हाताशी जे होते त्यावरून रेल्वे थांबवणेही मला चूक वाटत नाही. राहून गेले ते असे, की कमी बर्फाची शक्यताही खरी होती आणि लोकांपर्यंत फक्त मोठा आकडा पोहोचला. अनिश्चितता नीट सांगायला शिकले पाहिजे, हे तिथल्या हवामान सेवेच्या संचालकांनीही नंतर मान्य केले. आता तिथे अपेक्षित आकड्याबरोबर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती, हेही नकाशावर देतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे एडवर्ड लोरेन्झ यांचे नाव लक्षात ठेवावे. १९६१ साली त्यांनी हवेचे एक गणित संगणकाला पुन्हा करायला दिले. या वेळी त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढेच घातले. सुरुवातीला उत्तरे जुळली, पुढे मात्र दोन्ही आकाशांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. म्हणून युरोपियन केंद्र एकच गणित थोड्याथोड्या फरकाने सुरू करून ५१ वेळा सोडवते. समजा, एका वर्गातल्या ५१ मुलांनी एकच उदाहरण सोडवले. सगळ्यांची उत्तरे जवळजवळ आली तर निश्चिंत व्हावे. इकडेतिकडे पांगली तर पांगली आहेत असेच सांगावे, त्यातले आवडते उत्तर उचलू नये.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, उलटे झाले. आधी बेताचा अंदाज होता आणि सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच पडले. तो तिथला आजवरचा उच्चांक आहे. भाच्याने तेव्हापासून एक वही घातली आहे. वादळाआधी स्वतःचा अंदाज तारीख-वार घालून पेनने लिहायचा, खाडाखोड करायची नाही, आणि नंतर पट्टीने मोजलेला बर्फ शेजारी लिहायचा. मी विचारले, “काय दिसलं?” म्हणाला, “मी दर वेळी जास्तच लिहितो. पण आता किती जास्त लिहितो ते कळलंय, तेवढं वजा करतो.” भाचेसून म्हणते, वहीत तिच्या रात्रपाळ्यांचाही रकाना हवा. तो त्याने घातला आहे.

पालक सभेत मला विचारतात, “बाई, दहावीला किती टक्के पडतील?” मी ‘अठ्ठ्याहत्तर ते शहाऐंशी’ असे म्हटले की चेहरे उतरतात. एकच आकडा हवा असतो, आणि तोही वरचा. धुक्याच्या सकाळी तर पाचपासून फोन सुरू होतात, बस येणार की नाही? दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली की धुके ‘अतिदाट’ धरतात. आपल्या बसचा चालक किल्ल्याखालच्या वळणावर काय पाहतो ते मी त्याच्या शेजारी बसून पाहिले आहे. हवामान खात्याने नारिंगी इशारा दिला आणि ऊन पडले, तर सुट्टी फुकट गेली असे काही पालक म्हणतात. मी ती फुकट मानत नाही.

यंदा नववीच्या वर्गाने भाच्यासारखी वही घातली आहे. रोज मुलांनी उद्याचे किमान तापमान लिहायचे, एक आकडा नाही, ‘इतके ते इतके’, आणि स्वतःला किती टक्के खात्री आहे तेही. पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी शंभर टक्के लिहिले होते. आता शंभर कुणी लिहीत नाही. वही प्रयोगशाळेच्या दाराशी दोरीने बांधून ठेवली आहे. पालकांनी शाळेत आल्यावर जरूर चाळावी, स्वतःचा अंदाजही लिहावा, मात्र पेनने. आजच्या पानावर एका मुलीने ‘५ ते ८ अंश, ७० टक्के’ असे लिहिले आहे. शेजारचा रकाना उद्या सकाळी भरायचा आहे.