बारा दिवसांची पेटी

आमचं पिंपळवंडी जुन्नर तालुक्यातलं. घराभोवती ऊस, आणि ऊस म्हटला की बिबट्या आलाच. दाट फडात त्याला लपायला जागा मिळते, मादी पिल्लंही तिथेच घालते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी खास निवारा केंद्रच आहे, यावरून काय ते समजा! म्हणून आम्ही घराला चार कॅमेरे लावले. त्यांचं चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआर, आतल्या खोलीत फळीवर ठेवली.

बिबट्या त्या कॅमेऱ्यात दोनदाच दिसला. माझी आई मात्र रोज दिसायची. सकाळी आठ वाजता ती ओट्यावर शेंगा फोडत बसायची. मध्येच वर बघून कॅमेऱ्याला दटावायची, "काय रं बघतोस टकामका? काम नाही का तुला?" मुलं खो खो हसायची.

एके दिवशी आई अचानक गेली. दहाव्याचा विधी उरकून आम्ही नदीवरून घरी आलो. चौथीतली माझी लेक हळूच म्हणाली, "पप्पा, आजी त्या पेटीत असेल ना?"

माझ्या काळजात धस्स झालं. त्या पेटीत कायमचं असं काहीच नसतं. आत संगणकासारखी हार्ड डिस्क असते. ती भरली, की पेटी सर्वांत जुनं चित्रण पुसते आणि त्या जागी नवं साठवते. पाटी भरल्यावर आपण पुसतो ना, तसंच. आमच्या पेटीत जेमतेम १२ दिवसांचं चित्रण मावायचं. त्यातले १० दिवस उलटून गेले होते. आईचे शेवटचे दोनच दिवस उरले होते, आणि तेही तासातासाने पुसले जात होते!

आधी रेकॉर्डिंग थांबवलं. मग पेटीला माउस आणि पेन ड्राइव्ह जोडला. तारीख निवडली, आठची वेळ लावली. पाहतो तर ओटा रिकामा! नंतर ध्यानात आलं, पेटीचं घड्याळ पाऊण तास मागे होतं. सव्वासातची वेळ लावली, आणि आई दिसली.

ओट्याच्या कॅमेऱ्याचं चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवलं. संगणकाला जोडलं, तर फाइल उघडेना! काही पेट्या स्वतःच्याच खास प्रकारात चित्रण साठवतात. नशीब, पेटीने सोबत एक छोटा प्रोग्रॅमही उतरवून दिला होता. त्याने फाइल उघडली. मग ती नेहमीच्या एमपी-फोर प्रकारात बदलून घेतली.

पडद्यावर आई शेंगा फोडत होती. वर पाहून काहीतरी बोलली. आमचे कॅमेरे आवाज टिपत नव्हते. तरी लेकीने लगेच ओळखलं, "काय रं बघतोस टकामका?" हसता हसता सगळ्यांचे डोळे भरून आले.

१९३१ सालचा 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट. जुने चित्रपट जपण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पण 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एवढा गाजलेला चित्रपट हरवतो, तिथे आपल्या घरच्या चित्रणाची काय कथा?

आता आईच्या चित्रणाची एक प्रत आमच्या संगणकात आहे, दुसरी बहिणीकडे. मुलांनो, तुमच्याही घरी अशी पेटी असेल, तर हवं ते वेळेवर उतरवून घ्या. आणि हो, आजी-आजोबांचा आवाजही टिपून ठेवा. आमचं तेवढं राहून गेलं.