हर्णैचा लिलाव

दापोलीचा घाट उतरलं की वाऱ्याला मासळीचा वास येतो आणि हर्णै आल्याचं कळतं. इथे संध्याकाळी थांबावं, कारण तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर असतं. पाणी उथळ, म्हणून मोठ्या बोटी लांबच नांगर टाकतात. मग होड्या आणि चक्क बैलगाड्या समुद्रात शिरतात. पोटापर्यंत पाण्यात उभा असलेला बैल लाट आली की मान वर करतो. गाडीवान मात्र तिकडे न बघता टोपल्या चढवत राहतो.

ओल्या वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग लागतात आणि तोंडी लिलाव सुरू होतो. एका कोळणीने नुसती मान हलवली, टोपली तिची झाली. कागद नाही, पेन नाही, पण हिशेब चोख. कुणी घासाघीस लांबवली की तिचा आवाज चढायचा. मला ती फार आवडली.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, याचा अभिमान वाटतोच. पण पक्क्या धक्क्याची मागणी इथे फार जुनी आहे, आणि माझ्या मते ती किल्ल्याइतकीच महत्त्वाची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मासळीची वीण जपणारी ही बंदी हवीच. मात्र त्या दोन महिन्यांत हातावर पोट असलेल्या खलाशांच्या घरची चूलही पेटती राहायला हवी.