रस्त्यावरून वरच्या मजल्यावर

रस्त्यावरचं खाणं रस्त्यावरच हवं, हे मी कित्येक वर्षं ठासून सांगत आले. गिरगावात वाढलेल्या मुलीला हे मत कुणी शिकवावं लागत नाही. फेरीवाल्यांना उचलून एखाद्या मंडईच्या मजल्यावर बसवायची गोष्ट निघाली की मी तावातावानं भांडायचे. फरशी आली, नंबर घातलेले गाळे आले की खाण्यातला जीव गेला, असं मला मनापासून वाटायचं. नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हाही माझं मत तेच होतं. आज ते तसं राहिलेलं नाही. का, ते नीट सांगायला हवं, कारण माझ्या जुन्या मताची माणसं मुंबईत पुष्कळ आहेत आणि ती मला जवळची आहेत.

इथल्या चायनाटाउनमध्ये स्मिथ स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे ‘चायनाटाउन फूड स्ट्रीट’ होता. २०१४ मध्ये त्यावर उंच काचेचं छत घातलं, खाली जुन्या हातगाड्यांच्या धर्तीचे ठेले मांडले. पर्यटकांना हवा असतो तसा रस्ता. नवीन होते तेव्हा मला तोच आवडायचा. निदान पायाखाली रस्ता आहे, याचं समाधान वाटायचं. त्याच रस्त्यावर चायनाटाउन कॉम्प्लेक्स ही मोठी, कळाहीन इमारत उभी आहे. तळघरात भाजी-मासळीचा बाजार, वर कपडे आणि किरकोळ सामानाची दुकानं, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर खाण्याचे दोनशेहून जास्त गाळे. तिथे जायला माझी पावलं वळत नव्हती. करोनात पर्यटक आटले आणि २०२१ मध्ये तो काचेखालचा रस्ता बंद पडला. कॉम्प्लेक्सच्या मजल्यावर मात्र बसून खायला बंदी होती तेव्हाही पार्सलं बांधली जात होती, कारण तिथलं गिऱ्हाईक आजूबाजूच्या घरांमधलं, खाली भाजी घ्यायला येणारं. तेव्हापासून मी वर जाऊ लागले.

पहिल्यांदा गेलं की गोंधळायला होतं. बोळ एकमेकांत शिरतात, गाळ्यांचे रंग सारखे, पंख्यांचा आवाज. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची आणि मग रांग शोधायची. मी रांग धरली ती मातीच्या भांड्यातल्या भातासाठी. कोळशाच्या शेगड्यांवर छोटी भांडी ओळीनं बसवलेली असतात. तांदूळ भांड्यातच शिजतो. तो अर्धामुर्धा झाला की वर कोंबडीचे तुकडे, खारवलेला मासा आणि लाप चोंग, म्हणजे डुकराच्या मांसाचं वाळवलेलं सॉसेज, ठेवतात. गोव्याचं चोरिस खाणाऱ्याला हे पहिल्या घासाला चकवतं; ते आंबट-तिखट, हे गोडसर. त्याची चरबी वितळून भातात उतरते. शेगडीपाशी उभा असलेला माणूस घड्याळाकडे बघत नाही. तळातून येणारा बारीक तडतडाट ऐकतो, वाफेचा वास घेतो आणि भांडं जरासं फिरवतो, म्हणजे आच न लागलेली बाजू कोळशावर येते. टेबलावर आल्यावर दाट काळा सोया सॉस आणि तेल ओतून तळापासून ढवळायचं. तळाची खरवड कुरकुरीत असते, जराशी कडवट, आणि ती खरवडून घेण्यातच खरी मजा. या भातासाठी पाऊण तास थांबावं लागलं तरी कुणी कुरकुरत नाही.

थांबता थांबता मी विचार करू लागले: पाऊण तास एका जागी, जड मातीची भांडी, पेटलेले कोळसे. ज्याला कुठल्याही क्षणी सगळं उचलून पळावं लागेल, त्यानं हा पदार्थ करायचा कसा? आपल्याकडे भेळवाल्याचा वेताचा स्टँड आणि वरची टोपली मला फार देखणी वाटायची, अजूनही वाटते. पण ती टोपली एका हातानं उचलता येते. पालिकेची ‘गाडी आली’ अशी आरोळी उठल्यावर गल्लीत कोण किती चटकन नाहीसं होतं, ते मी लहानपणी खिडकीतून पाहिलंय. काय रांधायचं आणि किती रांधायचं, हे त्या माणसांनी चवीइतकंच पळण्याच्या सोयीनंही ठरवलं असणार. त्यांच्या त्या भीतीला मी ‘रस्त्याची मजा’ म्हणत होते.

सिंगापूरचे फेरीवालेही असेच पळायचे. १९६८-६९ मध्ये इथे फेरीवाल्यांची बेटभर नोंदणी झाली, तेव्हा हजारो जण रस्त्यावर होते. त्यांना हुसकावून लावण्याऐवजी तात्पुरते परवाने दिले आणि १९७१ पासून फेरीवाल्यांची केंद्रं बांधायला घेतली. १९८६ पर्यंत सगळे आत आले. पंधरा वर्षं हे काम नेटानं चाललं, ही गोष्ट मला आता इमारतींपेक्षा मोठी वाटते. त्यांना आत नेण्याची कारणं सरळ होती. वाडगे एकाच बादलीतल्या पाण्यात विसळले जायचे, खरकटं गटारात, तिथून नदीत. चायनाटाउन कॉम्प्लेक्स १९८३ चं. आजूबाजूच्या स्मिथ, ट्रेंगानू वगैरे गल्ल्यांतले विक्रेते त्यात गेले.

मजल्याच्या एका कोपऱ्यात एक सत्तरी ओलांडलेल्या आंटी ताउ सुआन विकतात. इथे वयानं मोठ्या विक्रेत्यांना सगळेच अंकल-आंटी म्हणतात. सोललेल्या मुगाच्या डाळीचं दाटसर गोड कढण, पानदानच्या पानांचा वास लावलेलं, आणि वर तळलेल्या पिठाच्या कांडीचे तुकडे. डाळ शिजलेली, तरी दाणा न मोडलेला. मला मणगण्याची आठवण येते, फक्त नारळाचं दूध नाही. त्यांचे वडील खाली गल्लीत हेच विकायचे आणि त्या लहानपणी वाडगे धुवायच्या. मी अगदी माझ्या जुन्या मनानं विचारलं, “रस्ता आठवतो का हो?” मला काहीतरी हळवं ऐकायचं होतं. त्यांनी मागे वळून नळ सोडला, पाण्याखाली हात धरला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “आधी दोन बादल्या. सार्वजनिक नळावरून आणायच्या. त्या मी आणायचे.” मग नळ बंद करून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

माझं मत त्या दिवशी एकदम बदललं असं नाही. पण त्यानंतर मी गाळ्यात काय शिजतंय याच्याइतकंच गाळा कशावर उभा आहे हे बघू लागले. चव माणसाच्या हातात येते ती एकच पदार्थ वर्षानुवर्षं करून, आणि त्यासाठी उद्याही आपण इथेच असू हा भरवसा लागतो. रस्त्यावरून आलेल्या पहिल्या पिढीला भाडं सवलतीचं, महिन्याला जेमतेम दोन-तीनशे डॉलर. म्हणून त्या पिढीतला माणूस सोया सॉस घालून शिजवलेल्या कोंबडीचा भात स्वस्तात विकू शकतो. याच मजल्यावरच्या तशाच एका गाळ्याला २०१६ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला, तेव्हा तिथली थाळी जगातल्या सगळ्यात स्वस्त तारांकित जेवणांपैकी एक होती. २०२१ मध्ये तारा गेला. माझ्या मते ताऱ्याचं कौतुक जरा जास्तच झालं. स्वस्त भाड्यावर आणि नळाच्या पाण्यावर शेकडो गाळे चालतात, हे त्याहून मोठं. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं इथली ही खाद्यसंस्कृती आपल्या यादीत घेतली, ते मला जास्त पटलं, कारण त्यात शेजारी शेजारी बसून खाणारेही मोजले गेले. टेक्का सेंटर या दुसऱ्या केंद्रात तर डोसा, बिर्याणी आणि नूडल्स एकाच टेबलावर येतात.

यात गमावलंही आहे. गाळ्यात उकाडा भयंकर, पहाटेपासून उभं राहायचं, आणि विक्रेत्यांचं वय सरासरी साठीच्या आसपास. आंटींची मुलगी बँकेत आहे. ती हे करणार नाही आणि आंटींनाही ते नको आहे. गाळा रिकामा झाला की नव्या माणसाला निविदा भरून घ्यावा लागतो, त्याला ते जुनं भाडं नाही. नवी केंद्रं काही ठिकाणी खाजगी चालकांकडे दिली, त्यांच्या करारांवरून २०१८ मध्ये इथे मोठी ओरड झाली. छप्पर तेच, अटी बदलल्या की सगळं बदलतं.

माझ्या जुन्या मतातलं एक मी सोडलेलं नाही. स्टेशनच्या दारातला वडापाव कुठल्या तरी आडबाजूच्या मंडईच्या तिसऱ्या मजल्यावर नेला तर तो मरेल. इथली केंद्रं चालतात ती लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहेत, खाली बाजार आहे, म्हणून. आपल्याकडे संसदेनं २०१४ मध्ये फेरीवाल्यांसाठी कायदा केला. त्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आहे, सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही असं आहे, शहर समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींना आहेत. पूर्वी मी हा कायदा फक्त ‘हटवू नका’ या कलमासाठी वाचायचे. आता मी जागा, पाणी आणि भाडं यांसाठी वाचते.

माझा भाऊ अजून गिरगावात राहतो आणि त्याला हे मुळीच पटत नाही. तो म्हणतो, एकदा माणसाला आत नेलं की भाडं वाढवणं केंद्र चालवणाऱ्यांच्या हातात. रस्त्यावर निदान तो मोकळा तरी असतो. या मुद्द्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, २०१८ ची ओरड त्याच्याच बाजूनं बोलते. म्हणून मी त्याला सांगते, भाड्याचा आकडा करारात आधी, विक्रेत्यांच्या सहीनं, आणि मग गाळा. आणि जागा गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या नाक्यावरच, आडगल्लीत नाही. एवढं मिळणार असेल तर यापुढे मी भेळवाल्याला टोपली सोडून आत ये म्हणेन.