"तेव्हा बघायला कोण होतं?"



खडक शिकवताना आपण सहज सांगून जातो, "मुंबईचा काळा दगड म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा." वडाळ्याच्या आमच्या वर्गात यावर हमखास प्रश्न येतो, "बाई, तेव्हा बघायला कोण होतं?" हा आगाऊपणा नाही. पुरावा मागणाऱ्या मुलाला पुरावाच द्यायला हवा.

साक्षीदार आहे, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय सागरी जीव. त्यातले काही पाण्यात तरंगतात. मेल्यावर त्यांची चुन्याची कवचं तळाच्या गाळात साठतात आणि गाळाबरोबर खडकात राहतात. 'पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना' ही त्यातली एक जात. (मुलं हे नाव पैज लावून पाठ करतात!) इटलीतल्या गुब्बिओ गावावरून १९६४ साली तिला हे नाव मिळालं. आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. खडक भिजवून, चाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग कवचाच्या शेवटच्या वेढ्यातले कप्पे मोजायचे, तोंडाची कमान कुठे आहे, भिंत गुळगुळीत आहे का, हे बघायचं. डायनोसॉर संपल्यावर लगेच ही जात आली आणि थोड्याच काळात संपली. म्हणून तर ती काळ सांगते.

नागपूरच्या पलीकडे, छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला, लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात त्याच काळातल्या तरंगत्या जीवांची कवचं सापडली. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे प्रसिद्ध केलं. म्हणजे तिथला खालचा लाव्हा त्याआधीचा, वरचा नंतरचा. समुद्राचं पाणीही तिथवर पोचलं असणार!

वर्गात हे नाण्यांनी करता येतं. 'नये पैसे' लिहिलेली नाणी १९५७ मध्ये आली, १९६४ मध्ये 'नये' शब्द गेला. काचेच्या बरणीत मातीचे तीन थर द्या, मधल्यात असं एक नाणं ठेवा आणि विचारा, हा थर कधीचा?

आमच्याकडे एक मुलगी म्हणाली, "पण जुनं नाणं कुणी नंतर टाकलं असेल तर?" अगदी बरोबर! जुन्या खडकातली कवचंही वाहून नव्या गाळात येतात. म्हणून अभ्यासक एका कवचावर विसंबत नाहीत, सोबत कोणकोणत्या जाती आहेत ते बघतात. मग आम्ही त्याच थरात २०११ चं नाणं टाकलं. सगळ्यांनी लगेच उत्तर बदललं.

अशी नाणी आजी-आजोबांच्या डब्यात मिळतील. करून बघा. आणि मुलांनी शंका काढली, तर तास थोडा लांबू द्या.